चौगुले सरांचा वाटा

आमच्या शेजारचे चौगुले सर मटणाच्या ताटावर बसले, की पहिला घास तोंडात जायच्या आधी चिंपांझी निघतो. निपाणीत त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. बायको गेल्यापासून एकटेच असतात, म्हणून रविवारी आम्ही त्यांना जेवायला बोलावतो.

"जंगलातला चिंपांझी माकडं धरून खातोय, ठावं हाय का? पण मटण एकट्याला पचू देत न्हाईत. बाकीची भोवतीनं बसत्यात, हात पसरत्यात. मग त्यो तोडून देतोय."

"सगळ्यांना?" माझी बायको विचारते.

"छ्या! दोस्ताला लई. दुसऱ्याला हाड."

एका जावळाच्या जेवणाला मी सरांना सोबत नेलं. तिथं खास पाहुण्यांना नळ्या आणि सरांना नुसता रस्सा आला. सर मोठ्यानं म्हणाले, "टोळीच्या म्होरक्याचं दोस्त कोण, ते कळलं!" यजमान अजून माझ्याशीही बोलत नाहीत.

आषाढातल्या एका सकाळी सर मटणाचा डबा घेऊन दारात उभे. "सदलग्याला सोडतोस का रं? अण्णाचं अंग लुळं पडलंय."

अण्णा म्हणजे सरांचे थोरले भाऊ. अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा सर परीक्षेचे पेपर तपासत निपाणीतच राहिले. पोचले ते थेट स्मशानात. "तुजी आई न्हवती ती," एवढंच अण्णा म्हणाले होते.

गाडीत मीच चिंपांझीचा विषय काढून पाहिला. सरांनी मांडीवरचा डबा तेवढा सरळ केला.

अण्णा खाटेवर पडून होते. सरांना पाहून त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. वैनी हळूच म्हणाल्या, "भावजी, मटण चाववत न्हाय त्यांना."

सर खाली बसले. डब्यातला रस्सा वाटीत ओतला, फुंकर घालून चमचा पुढं धरला. बराच वेळ. रस्सा निवला, पण चमचा त्यांनी खाली घेतला नाही. शेवटी अण्णांनी मान वळवून तोंड उघडलं. दोन चमचे गिळले. मग ओठ वाकडे करत, जड जिभेनं म्हणाले, "मीठ कमी हाय."

"व्हय अण्णा," सर म्हणाले. "चुकलंच माजं."

वैनी मिठाची बरणी घेऊन आल्या, आणि दारातच थांबल्या. सर अजून तेच म्हणत होते, "चुकलंच माजं, अण्णा. लई चुकलं."