अर्थमंत्र्यांचा कोट

टेलरमास्तरांनी पोस्टातली ठेव मोडून एका बँकेचे शेअर घेतले, ते मेहुण्याच्या सांगण्यावरून. मेहुणा त्याच बँकेत लॉकरच्या चाव्या सांभाळायचा, त्यामुळे त्याला बँकेचं सगळं आतून माहीत असणार, असा मास्तरांचा समज होता. पंच्याऐंशीला घेतलेला शेअर शंभरावर गेला की विकायचा, असं ठरलं होतं. तोवर घरातला प्रत्येक खर्च त्या शंभरावर टांगलेला होता. बायकोची दुखरी दाढ शंभरावर, मोरीतला गळका नळ शंभरावर. मास्तरांना नवा चष्मा लागला होता, डॉक्टरनं नंबरही लिहून दिला होता, पण तो कागद मशीनच्या खणात पडून होता. मास्तर सुईत दोरा अंदाजानं ओवायचे, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला तो जायचाही.

शेअर मात्र बँकेच्या धंद्यापेक्षा सरकारच्या तब्येतीवर चालायचा. सरकार चार पक्षांच्या टेकूवर उभं होतं आणि येत्या शुक्रवारी सभागृहात त्याच्यावर मतदान होतं. त्यातून बँकेत सरकारचाही मोठा वाटा होता. तो ठेवायचा की विकून मोकळं व्हायचं, यावर अर्थमंत्री महिनाभर डोकं खाजवत होते. त्यामुळे सत्तेतला एखादा सदस्य नुसता शिंकला तरी शेअर दोन अंकांनी घसरायचा. मास्तर इस्त्री करताना रेडिओ ऐकायचे, आणि बातमी वाईट असली की गिऱ्हाइकाच्या पँटला एकाऐवजी दोन घड्या पडायच्या.

मंगळवारी सकाळी अर्थमंत्र्यांचा चिटणीस दुकानात आला. दुकान सभागृहाच्या मागच्याच गल्लीत होतं आणि मंत्र्यांचा नेहमीचा टेलर आजारी होता. चिटणिसानं काळा कोट टेबलावर ठेवला आणि कमरेत दोन इंच सैल करायला सांगितला. शुक्रवारी मतदानाआधी हवा होता.

चिटणीस गेल्यावर मास्तर बराच वेळ कोटाकडे बघत राहिले. चिंतेनं माणूस वाळतो, हे त्यांनी चाळीस वर्षं टेप लावून पाहिलेलं होतं. पोरीचं लग्न ठरलेला बाप, कोर्टात केस चाललेला भाऊ, सगळ्यांचे कपडे आवळावे लागतात. हा माणूस तर दोन इंचांनी वाढला होता. म्हणजे सरकार पडत नाही.

ही गोष्ट त्यांनी फक्त मेहुण्याला सांगितली, आणि कुणाला सांगू नको म्हणून बजावलं. मेहुण्यानं शब्द पाळला. त्यानं कुणाला सांगितलं नाही, लॉकर उघडायला येणाऱ्या प्रत्येकाला नुसतं विचारलं, "दोन इंचांचा अर्थ तुम्ही काय लावाल?"

बुधवारी दुकानाबाहेर रांग लागली. धडधाकट बटणं असलेले शर्ट घेऊन लोक बटणं लावायला आले. एका सद्गृहस्थानं टॉवेलला काज करून मागितलं. प्रत्येकाची नजर खुंटीवरच्या काळ्या कोटावर होती. रांगेत बहुतेक मास्तरांचीच जुनी गिऱ्हाइकं होती आणि बाहेर पडताच ती तडक शेअर घ्यायला जात होती. संध्याकाळी शेअर चौऱ्याण्णव झाला. मास्तरांच्या बायकोनं दाताच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली.

ही बोलवा विरोधी पुढाऱ्याच्या कानावर गेली नसती तरच नवल. तो माणूस अंगानं छडीसारखा. गुरुवारी त्याचा ड्रायव्हर गडद निळा कोट घेऊन आला आणि म्हणाला, "साहेबांनी तीन इंच सैल करायला सांगितलाय."

"पण त्यांना आत्ताच सैल होत असेल की."

"मंत्र्यांचा दोन इंच सैल केलाय ना? मग आमचा तीन."

ही बातमी रांगेनं ऐकली आणि शेअर चौऱ्याण्णववरून एक्क्याण्णववर आला.

शुक्रवारी घाईघाईत मास्तरांनी दोन्ही कोट कागदात बांधले. गडद निळा कोणता आणि काळा कोणता, हे नव्या चष्म्याला सहज कळलं असतं. जुन्या चष्म्याला दोन्ही सारखेच दिसले. अर्थमंत्र्यांना पुडकं सभागृहाच्या दारातच मिळालं आणि आतली घंटा वाजत होती, म्हणून त्यांनी पोट आत घेऊन कोट कसाबसा चढवला.

पुढचं सगळं मास्तरांनी समोरच्या घड्याळवाल्याच्या टीव्हीवर पाहिलं. मंत्र्यांच्या कोटाचं बटण काजापासून वीतभर लांब होतं. ज्यांचं बटण जुळत नाही त्यांचं बहुमत काय जुळणार, असं टीव्हीवरचा जाणकार गंभीरपणे म्हणाला. पलीकडे विरोधी पुढाऱ्याच्या कोटात आणखी एक माणूस मावला असता. फुटून येणाऱ्यांसाठी त्यानं आधीच जागा करून ठेवली आहे, असा त्याचा अर्थ निघाला.

मग मतदान आलं. सरकारच्या बाजूनं हात वर करा, असं सभापतींनी सांगितलं. सत्तेतल्या सगळ्यांचे हात वर गेले. अर्थमंत्र्यांचा खांद्यापाशी अडला. त्यांनी डावा करून पाहिला, तोही अडला. दोन्ही हात अर्धवट पुढे धरून ते लाल चेहऱ्यानं उभे राहिले. अर्थमंत्रीच आपल्या सरकारला मत देत नाहीत, हे पाहून सभागृहात एवढा गोंधळ माजला की सभापतींनी मतदान सोमवारवर ढकललं.

तेवढ्यात मेहुणा धापा टाकत आला. शेअर अठ्ठावन्नवर आला होता. "भावजी, विकून टाका. सोमवारी त्या कागदात कुणी भजीसुद्धा बांधून देणार नाही."  मेहुण्यानं दाखवलं तिथे मास्तरांनी सही केली आणि सगळे शेअर विकले.

सही झाल्यावर ते दुकानात परतले आणि त्यांना कटिंगच्या टेबलाखाली शिवण उसवताना निघालेली चिंधी दिसली. ती उजेडात नेऊन पाहिली. निळी होती. मंत्र्यांच्या कोटाची म्हणून जी चिंधी त्यांनी बाजूला ठेवली होती, ती निळी होती. 

शनिवारी सकाळी ते उठले, एका पुठ्ठ्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि पुठ्ठा दुकानाच्या दाराला लावला: "कोटांची अदलाबदल माझ्या हातून झाली. चूक टेलरची आहे. सरकारचं काय ते मला माहीत नाही."

बायको घरून डबा घेऊन आली होती. तिनं पाटी वाचली आणि गाल धरून विचारलं, "अहो, आपले तर विकले गेले. आता ही पाटी लावून काय मिळणार? उद्यापासून लोक रुमालसुद्धा शिवायला देणार नाहीत."

"आपले गेले ते गेले," मास्तर म्हणाले. "पण रांगेतली माणसं माझ्या खुंटीकडे बघून फसली. ती अजून धरून बसलीत. सोमवारी घाबरून विकतील."

 बायकोनं पाटीचा वाकडा झालेला कोपरा सरळ केला.

पाटीवर कुणी विश्वास ठेवला नाही. सरकारनंच टेलरला धमकावून लिहायला लावली, असं गल्लीत ठरलं; नशीब, बाजार सोमवारपर्यंत बंद होता. विश्वास ठेवला तो फक्त दोघांनी. दुपारी अर्थमंत्री आणि विरोधी पुढारी आपापली पुडकी काखेत मारून एकाच वेळी दुकानाच्या पायरीवर आले. दोघांनीही आधी मान एकमेकांच्या उलट्या दिशेला फिरवली, मग आत एकच स्टूल असल्याचं पाहून पुढाऱ्यानं ते पटकावलं.

मास्तरांनी पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. मंत्री म्हणाले, जाऊ द्या, कोट नीट बसवा म्हणजे झालं. त्यांना उभं करून मास्तर कमरेची शिवण तपासू लागले. शिवणीच्या आत जे जादा कापड दाबून ठेवतात, त्याला टेलर लोक माया म्हणतात. तिची घडी जाड होऊन मंत्र्यांना टोचत होती.

"साहेब, माया ठेवू का काढून टाकू?"

मंत्री दचकले. त्यांच्या डोक्यात महिनाभर बँकेतल्या वाट्यावाचून दुसरं काही नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "तुमचं काय मत?"

"ठेवावी," मास्तर शिवणीवरून बोट फिरवत म्हणाले. "आज काढली की हलकं वाटतं खरं. पण उद्या वाढायची वेळ आली, म्हणजे हातात काही राहत नाही. घाईनं माया काढणारे सगळे मागाहून रडत आलेत माझ्याकडे."

 हे आपल्याला इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं, असं मंत्री म्हणाले. स्टुलावर विरोधी पुढारी आपल्या हातावर काहीतरी लिहून घेत होता.

सोमवारी बाजार उघडायच्या आतच अर्थमंत्र्यांचा हात सरळ वर गेला आणि सरकार एका मतानं तरलं. लगेच त्यांनी जाहीर केलं की बँकेतला वाटा सरकार विकणार नाही. घाईनं काढणारे मागाहून रडतात, असं एका अनुभवी तज्ज्ञाचं मत आहे, असंही त्यांनी सांगितलं. विरोधी पुढाऱ्यानं हातावर बघत उठून सांगितलं की हे मत मूळचं त्याचं आहे. दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं पाहून बाजार वेडापिसा झाला. संध्याकाळी शेअर एकशे बारावर बंद झाला.

मंगळवारी दुकानाबाहेर पुन्हा रांग होती. आठवड्याच्या आत कुणाचे शेअर सव्वापट झाले होते, कुणाचे त्याहून जास्त, आणि प्रत्येकाला नवा कोट हवा होता. मास्तरांकडे त्या बँकेचा एकही शेअर नव्हता, पण वही वर्षअखेरपर्यंत भरली. मास्तर मापं घेत होते, बायको सुजल्या गालानं आकडे लिहीत होती, आणि आगाऊ पैसे ठेवून जाताना जो तो वाकून मास्तरांच्या कानात सांगत होता, "मास्तर, माया भरपूर ठेवा."