पाण्याची गढी

फेर्नांच्या गाडीच्या टपावर शिडी बांधलेली होती, आणि शिडी घेऊन गढ्या बघायला फक्त शत्रू जातो, असं युगेतचं म्हणणं होतं. पण शिडीचे स्क्रू गंजून बसले होते. शेवटी शिडीसकटच निघावं लागलं.

गाडी पाणीपुरवठा खात्याची जुनी. निवृत्त झाल्यावर फेर्नांनं ती विकत घेतली होती. दारावरची अक्षरं त्यानं खरवडून काढली होती, तरी उन्हात ती अजून स्पष्ट वाचता येत. युगेत म्हणजे त्याच्या बायकोची थोरली बहीण. बायको, ओदिल, मागच्या पानगळीत गेली. सफरचंदांना मोहोर आला तशी युगेतनं तूर शहरातून फोन करून आज्ञा सोडली. दोन दिवस लोआर नदीकाठच्या गढ्या बघायच्या, गाडी त्यानं चालवायची आणि रस्ता ती सांगणार.

तो लगेच हो म्हणाला, याचं तिला नवल वाटलं. कारण ओदिल जन्मभर म्हणत आली होती, एकदा मला मोंतव्हेरची गढी दाखव. आणि फेर्नांचा जन्म गेला टाक्या सांभाळण्यात. उंच खांबावरच्या टाकीला तिकडे पाण्याची गढी म्हणतात, आणि बोलताना त्यातलं 'पाण्याची' गिळून टाकतात. त्यामुळे ओदिलनं विषय काढला की तो एखाद्या टाकीपाशी गाडी थांबवायचा आणि म्हणायचा, "ही घे तुझी गढी." ती हसायची. मग दोघं टाकीच्या सावलीत बसून पाव आणि चीज खायची. खऱ्या गढीला जायला अजून पुष्कळ वेळ आहे, असं त्याला वाटत राहिलं.

पहिल्या दिवशी दोन गढ्या झाल्या. फेर्नां सगळीकडे मान वर करून पन्हळी बघत होता. छपराचं पाणी कुठं जातं, असं त्यानं माहिती सांगणाऱ्या मुलीला दोनदा विचारलं. तिला ते पाठ नव्हतं.

"फेर्नां, राजाच्या पलंगाकडे बघ," युगेत दबक्या आवाजात म्हणाली.

"बघितला, ताई. त्याच्यावर गळतंय."

दुसरा दिवस मोंतव्हेरचा. तारीख एक मे. या दिवशी आपल्या माणसाला म्युगेच्या फुलांची काडी द्यायची, पांढऱ्या घंट्यांसारख्या फुलांची, बारीकशी. फेर्नांनं ओदिलला दरवर्षी परसातली काडी दिली होती. यंदाही त्यानं ती तोडली होती. ओल्या रुमालात गुंडाळून कॉफीच्या कपात घालून ती त्यानं गाडीच्या काचेपाशी ठेवली होती. कोमेजायच्या आत मोंतव्हेरच्या बागेत ठेवायची, एवढंच त्याच्या मनात होतं. युगेतला त्यानं सांगितलं नव्हतं. तिनं कप पाहिला आणि ती काहीच बोलली नाही. ही तिच्या स्वभावाला न शोभणारी गोष्ट होती.

नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद निघाला. वळसा घेतला तो पिवळ्याधमक मोहरीच्या शेतांतून, आणि मग पाट्याच संपल्या. युगेतच्या नकाशात हा रस्ताच नव्हता. तो नकाशा दोघी बहिणींच्या वडिलांचा होता. रुमाल वाळत चालला होता. शेवटी काखेत लांब पाव धरून सायकलवरून येणाऱ्या एका माणसाला फेर्नांनं थांबवलं आणि गढी कुठं आहे ते विचारलं.

त्या माणसानं गाडी पाहिली, टपावरची शिडी पाहिली, आणि त्याचा चेहरा उजळला. "आलात एकदाचे. चर्चपासून डावीकडे. सगळे तुमचीच वाट बघतायत."

युगेतनं आरशात केस ठीक केले. इकडचे लोक किती अगत्याचे, असं ती म्हणाली. पुढे रिकामी बादली घेतलेल्या एका बाईनं तर न विचारताच हात करून रस्ता दाखवला. युगेतनं तिच्याकडे बघून राणीसारखा हात हलवला.

चर्चपासून गाडी डावीकडे वळली आणि समोर उभी राहिली ती पाण्याची टाकी.

टाकीजवळ लिंडनच्या झाडांखाली लांबच लांब टेबल मांडलं होतं आणि अख्खं गाव जेवायला जमलं होतं. डोक्याला साबण फासलेले एक गृहस्थ पुढे आले. ते सरपंच पेल्तिए. सकाळपासून नळाला पाणी नव्हतं, आणि सुट्टीमुळे खात्यात कोणी फोन उचलत नव्हतं. फेर्नांनं सांगितलं, की तो खात्याचा माणूस नाही, म्हणजे होता, पण आता निवृत्त आहे.

"निवृत्त म्हणजे अनुभवी," सरपंच म्हणाले. त्यांच्या भुवईवरून फेस डोळ्यात उतरत होता.

"आम्ही दुसऱ्या गढीला निघालोय," युगेत म्हणाली.

"ती पळून जात नाही, बाई. हा साबण मात्र वाळतोय."

फेर्नांनं गाडीतल्या कपाकडे पाहिलं. रुमाल खडखडीत, घंट्यांनी माना टाकलेल्या. पाणी त्यालाही हवंच होतं. त्यानं पाना उचलला आणि तो टाकीच्या दारातून आत शिरला.

आत जुना पंप हट्ट धरून बसला होता. फेर्नांनं त्याला समजावलं, मग शिव्या दिल्या, मग पान्यानं एक ठोसा दिला. पंप घरघरला. या आनंदात त्यानं शेजारची झडप उलटी फिरवली. ती नळाकडची नव्हती. जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या जाड पाइपाची होती, आणि त्या पाइपाच्या तोंडाखाली, सावली बघून, युगेत उभी होती. तिनं खास मोंतव्हेरसाठी राखाडी रेशमी पोशाख घातला होता.

ती ओरडली नाही. पाणी थांबेपर्यंत तशीच उभी राहिली आणि मग म्हणाली, "फेर्नां, तुझ्या गढीचा पाहुणचार पोचला. बाहेर ये आता."

गावाला पाणी आलं. सरपंचांचं डोकं धुतलं गेलं. आता जेवल्याशिवाय सोडायला कोणी तयार होईना. युगेतला सरपंचीणबाईंचा फुलाफुलांचा झगा मिळाला, आणि काडीला पाण्याचा ग्लास. पहिल्या बश्या उचलल्या गेल्या तसा फेर्नां उभा राहिला आणि मोंतव्हेरला जायची घाई आहे म्हणाला.

टोकाला गळ्यात रुमाल खोचून बसलेला एक जाडगेला माणूस घास गिळून म्हणाला, "मोंतव्हेर आज बंद. मी तिथला दारवान. मी इथं आहे, म्हणजे दार कोण उघडणार?"

युगेतनं एक मे मुद्दाम निवडला होता, कारण त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी असते.

फेर्नांनं विनवून पाहिलं. पाच मिनिटं फक्त, बागेपर्यंतच. दारवानानं सुरी खाली ठेवली. "कामगार दिनाला कामगाराला काम सांगता? आणि तेही तुम्ही?"

आजवर एक मेला फेर्नांनं स्वतः कधी पान्याला हात लावला नव्हता. तो खाली बसला. ग्लासातली काडी ताजी झाली होती, आणि तिला जायला जागा उरली नव्हती.

दारवान मात्र युगेतकडे निरखून बघत होता. "बाई, झग्यामुळे ओळखलंच नाही मी. तुम्ही दरवर्षी वसंतात येता ना? दोघी बहिणी? धाकट्या दिसत नाहीत यंदा."

युगेत चीज कापू लागली. ते आधीच कापलेलं होतं.

"दरवर्षी?" फेर्नांनं विचारलं.

"चुकायच्या नाहीत. पलंग नाही, तसबिरी नाहीत, धाकट्या तडक बुरुजावर. मी एकदा विचारलं, एवढं काय बघता? तर तिथून ही टाकी दाखवून म्हणाल्या, अशाच एका टाकीचा राजा माझा नवरा आहे."

ओदिल दर वसंतात ताईकडे जाऊन येते म्हणायची. फेर्नां स्वतः तिला आगगाडीत बसवून द्यायचा.

"मग ती मला कशाला म्हणत राहिली, दाखव म्हणून?"

"मी पण तेच विचारलं होतं," युगेत म्हणाली. "म्हणे, मी बघून आले हे कळलं तर तो टाकीपाशी थांबायचं सोडेल. दरवर्षी तिकिटाचे पैसे मी भरायचे, फेर्नां, आणि ही बघायची काय, तर टाकी."

फेर्नां उठला. ग्लासातली काडी उचलून तो टाकीच्या आत गेला आणि जिना चढू लागला. धापा टाकत गच्चीवर पोचला तेव्हा पिवळ्या शेतांपलीकडे, नदीच्या वळणावर, त्याला मोंतव्हेरची टोकदार छपरं दिसली. मधोमध बुरूज होता. कठड्याच्या त्या बाजूला त्यानं काडी रुमालानं बांधली. मग छपरांकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. पन्हळी एवढ्या लांबून दिसत नव्हत्या, याचं त्याला जरा वाईट वाटलं.

खालून युगेतची हाक आली, की उतरतोस का, पोशाख वाळलाय.

"आलो, ताई," तो कठड्यावरून वाकून म्हणाला. "पण तुम्ही तिथून सरका. पाइप अजून ठिबकतोय."