यमामाचा हिरवा

रंग देणं ही काही मोठी विद्या नव्हे, असं मी माझ्या बायकोला, सुहैरला, छातीठोकपणे सांगितलं तेव्हा माझ्या हातात ब्रश होता आणि डोक्यात हवा.

"न्हाणीघराला मीच रंग दिला ना?" मी म्हणालो.

"म्हणूनच काळजी वाटतेय," ती म्हणाली.

प्रश्न तिच्या वडिलांचा होता. हाज मितवल्लींनी, म्हणजे आमच्या काकांनी, एकतीस वर्षं पोर्ट सैद आणि पोर्ट फुआदच्या मध्ये 'यमामा' नावाची फेरीबोट चालवली. कालव्याच्या या काठावरून त्या काठाला, दिवसातून वीस वेळा. गेल्या वर्षी बोट भंगारात निघाली, आणि काका गॅलरीत जाऊन बसले ते बसलेच. वाढलेलं खात, विचारलेल्याला मान हलवत, पण तोंडातून शब्द काढत नसत. सुहैर रोज त्यांच्याकडे जायची आणि डोळे पुसत परत यायची.

म्हणून मी यमामाची प्रतिकृती करायला घेतली. बंदर कचेरीतला मी साधा कारकून, पण चार महिने लाकूड आणि प्लॅस्टिकचे पत्रे कापून हातभर लांबीची बोट उभी केली. कठडे, बाकं, चिमणी, सगळं जिथल्या तिथे. उरला होता फक्त रंग.

चित्रकलेची मुलं वापरतात तसल्या हिरव्या ॲक्रिलिकची एक ट्यूब आणली आणि एका दमात सगळी थापली. वाळल्यावर पाहतो तर यमामाच्या अंगावर नांगरलेल्या शेतासारखे तास उमटलेले, आणि खिडक्या पार बुजलेल्या. फेरीबोटीची पाणबुडी झाली होती.

बोट टॉवेलात गुंडाळून मी इरीनीबाईंच्या दुकानात गेलो. विमानं आणि जहाजांच्या छोट्या प्रतिकृतींचं सामान गावात त्यांच्याकडेच मिळतं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे लोणी कुणी फासलं?"

"मीच."

"प्राथमिक शाळेत होतास का तेव्हा?"

मग त्यांनी समोर छोट्या बाटल्या मांडल्या. "हे रंग प्रतिकृतींसाठीच असतात. बारीक दळलेले. पाणी घालून दुधासारखे पातळ कर. आधी राखाडी अस्तर दे, नाहीतर रंग प्लॅस्टिकला धरत नाही. मग चार पातळ हात. पहिला हात बघून तुला रडू येईल. रड, पण त्यावर पुन्हा ब्रश फिरवू नकोस. अर्धवट वाळलेला रंग डिवचलास की उचकटून येतो."

"आणि ताटलीत रंग लगेच सुकतो त्याचं काय?"

"खाली ओलं फडकं घाल, वर कागद, कागदावर रंग. आता सांग, हिरवा कुठला देऊ?"

त्यांच्याकडे अकरा हिरवे होते. एकतीस वर्षांच्या बोटीचा हिरवा मला त्यातल्या एकाही बाटलीकडे बघून आठवेना, आणि काकांना विचारलं तर गुपित फुटणार. म्हणून घरी आल्यावर मी यमामाच्या जुन्या इंजिन मिस्त्रीला, शाबानदादांना फोन लावला.

"दादा, यमामाला रंग द्यायचाय. हिरवा नेमका कुठला होता?"

"यमामाला? खरंच?"

"अस्तर उद्या देतोय. पण काकांना इतक्यात कळू देऊ नका."

"समजलो," शाबानदादा दबक्या आवाजात म्हणाले. "मुलूखियाच्या भाजीसारखा गडद. अल्ला तुझं भलं करो, बेटा."

खात्री करावी म्हणून तिकीटवाल्या बदवींनाही विचारलं. ते म्हणाले, शाबानला इंजिनच्या धुरात काय दिसणार, रंग कोवळ्या काकडीचा होता. तेही जाता जाता भलं चिंतून गेले. मला वाटलं, किती मायाळू माणसं.

स्पिरिटने जुना रंग काढला, अस्तर दिलं. शुक्रवारी दुपारी इरीनीबाईंकडून आणलेले दोन्ही हिरवे मिसळून पहिला हात दिला. तो ओला होता तेव्हा बदवी खरे वाटत होते. वाळला तसा गडद झाला आणि शाबानदादा खरे वाटायला लागले. मी डोकं धरून बसलो असतानाच दार वाजलं.

दारात काका होते. दाढी गुळगुळीत, पांढऱ्या गणवेशाला कडक इस्त्री, डोक्यावर टोपी. मागे शाबानदादा, बदवी आणि यमामाचे दोन जुने खलाशी.

"कुठल्या गोदीत आहे ती?" काका म्हणाले. वर्षभरात त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"कोण, काका?"

"लपवू नकोस. तू बंदर कचेरीतला माणूस. यमामा भंगारात गेलीच नाही, डागडुजी चाललीय, हे सगळ्या कॉफीखान्याला माहीत आहे. सुकाणू दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायच्या आधी मला साहेबांना भेटायचंय."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. माझ्या फोनचा या माणसांनी काय अर्थ लावला ते आत्ता उमगलं. मागे सुहैर तोंडावर हात दाबून उभी होती. मी बाजूला झालो आणि टेबलाकडे बोट केलं.

पाचही माणसं आत आली. टेबलावर हातभर यमामा, अंगावर ठिगळं ठिगळं हिरवा. शाबानदादांची मान खाली गेली. काकांनी टोपी काढली. त्या क्षणी मला कुणी कालव्यात ढकललं असतं तर मी आभार मानले असते.

"काका, माझं चुकलं," मी म्हणालो. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. खुर्ची ओढली, बसले. बोटीच्या कठड्यावरून हळूच बोट फिरवलं. चालकाच्या खोलीत डोकावून पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्वच्छ होता.

"हा हिरवा कुठल्या गाढवाने सांगितला?"

"याने," शाबानदादा आणि बदवी एकमेकांकडे बोट दाखवत एकदम म्हणाले.

"पिवळा आण. आणि थेंबभर काळा."

पुढचे तीन हात काकांनी दिले. एक हात वाळेपर्यंत चहा, आणि चहाबरोबर गोष्टी: धुक्यात चुकलेल्या फेरीची, बोटीतच जन्मलेल्या मुलीची, पाण्यात पडलेल्या गाढवाची. वर्षभराचं साठलेलं सगळं. सुहैर दारात बसून ऐकत होती. बोट पाण्यात कुठवर बुडते ती पाण्याची रेघ तर काकांनी पट्टी न लावता, श्वास रोखून एका ओढीत मारली.

आता यमामा कॉफीखान्याच्या काचेच्या कपाटात असते आणि काका तिच्याशेजारच्या टेबलावर. परवा एका पाहुण्याने विचारलं, "सुरेख आहे. कुणी केली?"

"रंग मी दिला," काका म्हणाले. मग माझ्या खांद्यावर प्रेमाने थाप मारली. "ब्रश धुवायचं पाणी आमचे जावईबापू बदलत होते. फार मन लावून बदलतात."