खुर्चीचे गुणगान

“ही कविता छापून आली की नगरप्रमुख आठ दिवस खुर्चीत नीट बसणार नाहीत,” मास्तरांनी बायकोला बजावलं.

मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक. मुलाच्या मागोमाग परदेशात येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. दर रविवारी ते नगर कचेरीच्याच इमारतीतल्या वाचनालयात, मुलांच्या खोलीत, आपल्याकडच्या मुलांना मराठी शिकवत. ती खोली नगरप्रमुखांनी भिंत पाडून आपल्या नव्या दालनात घेतली आणि वर्ग जिन्याखाली आला. उंच मुलं ‘उ’ म्हणायला उठली की टाळकी जिन्याला आपटायची. मास्तरांनी मग वही उघडली आणि तीस कडव्यांचं ‘खुर्चीचे गुणगान’ लिहून काढलं.

चार पाय, दोन हात, पाठ कशी ताठ,
बसणाऱ्याचा कणा मात्र होतो भुईसपाट.
कोणी येवो, कोणी जावो, हिला सारे एक,
एकदा का बूड टेकले, विसरे माय-लेक.

सून तिथेच वाढलेली. तिने शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं आणि नगर कचेरीच्या पत्रिकेकडे पाठवलं. ते छापूनही आलं. पुढच्या सोमवारी त्याच पत्रिकेत त्यावर समीक्षा आली. सून वाचू लागली आणि मास्तर डोळे मिटून, मान डोलवायच्या तयारीत बसले.

“या परदेशी कवीला लाकूड कळतं,” सून वाचत होती. “पाय, हात, पाठ, एकही भाग त्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. मात्र गादीच्या कापडाचा कुठेच उल्लेख नाही, ही उणीव जाणवते.”

मास्तरांनी डोळे उघडले. “पुढे?”

“संपलं, बाबा.”

“अगं, पण खुर्ची म्हणजे सत्ता. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

“बाबा, इथे खुर्ची म्हणजे खुर्ची.”

खरंच होतं ते. आपल्याकडे दोघं खुर्चीसाठी भांडले म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळतं. तिथे त्याचा अर्थ एवढाच, की खाणावळीत गर्दी होती.

पण शिकवलेलं एकाही विद्यार्थ्याला कळलं नाही, तर मास्तरांना जेवण जात नसे. समीक्षक झाला म्हणून काय झालं? बुधवारी त्यांनी शब्दकोश मांडीवर घेतला आणि तिथल्या भाषेत नऊ पानांचं पत्र लिहिलं. मुलांना समजवावं तसं, मुद्दे पाडून. खुर्ची म्हणजे सत्ता. बूड म्हणजे नगरप्रमुख. शंका आल्यास विचारावे. खाली सही, पत्ता. जाड कागदाची नऊ पानं पाकिटात कोंबून ते स्वतः कचेरीत गेले आणि पत्रिकेच्या पेटीत टाकून आले.

“टाकलं एकदाचं,” घरी येऊन ते म्हणाले.

बायको त्यांचा सदरा इस्त्री करत होती. “उद्या दहाला त्याच कचेरीत जायचंय. राहण्याच्या परवान्याची मुलाखत आहे.”

“माहीत आहे.”

“परवान्यावर सही कुणाची असते?”

“नगरप्र...” म्हणता म्हणता मास्तरांनी जीभ चावली.

“ज्याची सही हवी, त्यालाच तुम्ही बूड म्हणून लेखी कळवलंत? वर पत्ताही दिलात?”

परवाना नाकारला, तर महिन्याभरात दोघांना परत जावं लागणार होतं. नातीची मुळाक्षरं नुकतीच ‘ढ’पर्यंत आली होती. तिला ‘ढ’वर सोडून जाणं कुठल्याही शिक्षकाला बरं वाटलं नसतं.

सकाळी कचेरी उघडताच मास्तरांनी पेटीत हात घातला. पेटी रिकामी. तेवढ्यात पत्रिकेचे संपादक समोरून आले.

“साहेब, काल एक जाड पाकीट...”

“हो, आलं ना. लगेच योग्य जागी पोचवलं,” संपादक हसून म्हणाले आणि निघून गेले.

“योग्य जागी म्हणजे?” बायकोने विचारलं.

मास्तरांनी बोट वर केलं. वरच्या मजल्यावर नगरप्रमुख बसत.

तेवढ्यात आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. परवाना देणाऱ्या बाई पुढ्यातले कागद चाळत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“ती खुर्चीची कविता तुमचीच ना?”

मास्तर एक पाऊल मागे सरले. “लहान मुलांसाठी आहे हो ती.”

“नगरप्रमुखांनीही वाचली.”

बायकोने मास्तरांचा हात घट्ट धरला.

“फार आवडली त्यांना. चार ओळी नव्या दालनात भिंतीवर लावतायत. त्यांच्या खुर्चीच्या बरोबर वर.” बाईंनी खणातून कागद काढला. “परवान्यावर कालच सही झाली आहे. पाच वर्षांचा आहे. इथे तुमची सही करा.”

मास्तरांच्या हातून पेन निसटलं आणि घरंगळत टेबलाखाली गेलं. ते उचलायला वाकले आणि तसेच राहिले. बाईंच्या खुर्चीच्या मागच्या डाव्या पायाखाली एक जाड पाकीट होतं. वर त्यांचंच अक्षर. पाकीट फोडलेलंही नव्हतं.

“ते होय?” बाईंनी खाली डोकावलं. “वर्षभर डुगडुगत होती मेली. संपादक म्हणाले, एवढं जाड पत्र वाचतंय कोण, त्याला योग्य जागा हीच. तुमचं आहे का? काढून देऊ?”

“नको, नको,” मास्तर टेबलाखालून म्हणाले. “बसलंय ते बसू दे.”

परवाना खिशात घालून दोघं कचेरीच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आले. दोन वर्षांत पहिल्यांदाच बायको रस्त्यात मोठ्याने हसत होती.

“खुर्ची हलवणार होतात ना तुम्ही?”

मास्तरांनी खिशातला परवाना चाचपला. मग हळूच म्हणाले, “पण नेमकी नऊच पानं लागली बघ. दहावं लिहिलं असतं, तर पुन्हा डुगडुगली असती.”