नावाड्याचं आमंत्रण

शुक्रवारी सकाळी हिल्मीने आपला कॅमेरा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली बायकोच्या हातावर ठेवली. इनायातने ती झग्याच्या खिशात टाकली.

"संध्याकाळपर्यंत मागायची नाही," ती म्हणाली.

"आणि मागितली तर?"

"तर मी मन्सूराला बहिणीकडे जाईन. बदक घेऊन."

लग्नाला त्या दिवशी पंचवीस वर्षं होत होती आणि इनायातने एकच गोष्ट मागितली होती. साखळी नको, बांगडी नको, एक शुक्रवार हवा. दोघांनी घरी बसून, दोघांनीच जेवायचं. मागणी साधी वाटते, पण गेल्या नऊ वर्षांत हिल्मीने तिला एकही शुक्रवार दिलेला नव्हता.

आठवडाभर हिल्मी दमिएत्ताच्या पाणीपुरवठा कचेरीत बसून नळाच्या तक्रारी ऐकायचा आणि शुक्रवारी पहाटे कलावंत व्हायचा. धुकं असलं की नदीकाठी, ऊन असलं की मिठागरात, काहीच नसलं की सुतारांच्या गल्लीत. माणसाने कॅमेऱ्याकडे बघितलं की फोटो मेला, असं त्याचं ठाम मत होतं. त्यामुळे तो लोकांच्या पाठी टिपायचा, सावल्या टिपायचा, डबक्यातली प्रतिबिंबं टिपायचा. एकदा गाढवाच्या एका कानासाठी त्याने अख्खा शुक्रवार घालवला होता. उद्या गावातलं कुणी हरवलं आणि तुझे फोटो शोधाला लावले, तर पोलीस नोकरी सोडतील, असं इनायात म्हणायची.

तर त्या दिवशी दुपारची नमाज उरकून हिल्मी घरी आला तेव्हा टेबलावर इनायातच्या माहेरचं भरतकाम केलेलं पांढरं कापड अंथरलेलं होतं आणि त्यावर दोन ताटल्या मांडलेल्या होत्या. बदक कांद्याचं सारण भरून तयार होतं. वास जिन्यापर्यंत पोचला होता. इनायातने केस विंचरले होते, ओठांना किंचित रंग लावला होता, आणि ते आपल्या लक्षात आलं आहे हे सांगायला हिल्मीने तोंड उघडलं, तोच दारावरची घंटा वाजली.

दारात नऊ माणसं उभी होती. पुढे काळ्या पोशाखातली एक ताठ म्हातारी, मागे दोन दांडगे मुलगे, दोन सुना आणि चार पोरं. थोरल्या मुलाच्या हातात ताज्या मासळीने भरलेलं घमेलं होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

"आलो बरं का, उस्ताद हिल्मी," म्हातारी म्हणाली. "तुम्ही एवढं बोलावलंत, नाही कसं म्हणणार?"

हिल्मीने तिला ओळखलं. ही हज्जा बदरिया. दोन महिन्यांपूर्वी पलीकडच्या काठावर, एज्बेत-अल-बुर्जच्या धक्क्याला बांधलेल्या होडीत ती जाळं विणत बसली होती, आणि हिल्मीने तासभर तिचे फोटो काढले होते. काम झाल्यावर तो परतीच्या नावेत चढला. नाव सुटली, मधे पंधरा हात पाणी आलं, आणि मग त्याला माणुसकीचं भरतं आलं. "हज्जा, फोटो बघायला घरी या," तो ओरडला. "सगळे या, शुक्रवारी जेवायलाच या. सुतारांची गल्ली, निळं दार."

आता, नदीतून चाललेला नावाडी आपली भाकरी मोडता मोडता काठावरच्या माणसाला "या जेवायला" म्हणतो, तेव्हा मधे पाणी आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. बोलणाऱ्याचं मन मोठं ठरतं, ऐकणाऱ्याचा मान राहतो आणि भाकरी शाबूत राहते. असल्या बोलण्याला सगळा देश नावाड्याचं आमंत्रण म्हणतो, आणि ते मनावर घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे असं हिल्मी धरून चालला होता. ज्यांच्या धंद्यावरून ही म्हण पडली, तेच लोक ते मनावर घेतील, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

हिल्मी दारातच उभा राहिला. पण मागून इनायात आली, तिने एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे, आणि दार सताड उघडलं.

"घर उजळलं, हज्जा," ती म्हणाली. "केव्हाची वाट बघतोय."

घमेलं ठेवायला जागा शोधत थोरला मुलगा अतिया थेट जेवणाच्या टेबलाशी गेला, आणि पंचवीस वर्षं जपलेल्या भरतकामावर मासळीचं पाणी पसरलं. त्याला दोन ताटल्या दिसल्या. तो गडबडला. आमची जेवणं झाली आहेत, आम्ही फक्त फोटो बघून निघू, असं तो म्हणू लागला. आता असं कुणी म्हणालं की यजमानाने देवाची शपथ घालायची असते, पाहुण्याने पुन्हा नाही म्हणायचं असतं, यजमानाने त्याची वाट अडवायची असते. तिसऱ्या वेळेला सगळे बसतात. हिल्मीला हे आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. पण बायकोचा शुक्रवार वाचवायची ही एकच संधी आहे असं त्याला वाटलं आणि तो म्हणाला, "बरं, जशी तुमची मर्जी."

धाकटी सून पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली. इनायातने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला मन्सूराची गाडी दिसू लागली. मग तिने स्वतः दाराला पाठ लावली आणि देवाची शपथ घालून सांगितलं की या घरातून कुणी उपाशी गेलं तर ती आठवडाभर अन्नाला शिवणार नाही. पाहुणे बसले.

पुढचा तास हिल्मी नुसता धावत होता. इनायातने सज्ज्यातून दोरीची टोपली खाली सोडून वाण्याकडून पाव मागवले, आणि टोपली तीनदा वरखाली झाल्यावर गल्लीला कळलं की हिल्मीकडे पाहुणे आले आहेत. वरच्या मजल्यावरून भाजीचं पातेलं आलं, शेजारून चार खुर्च्या आल्या. सुनांनी बाह्या सरसावून न्हाणीघरात मासे साफ केले. एका बदकाचे अकरा वाटे कसे करायचे हा प्रश्न इनायातने चुटकीसरशी सोडवला. मोठे तुकडे पाहुण्यांना वाढले, आणि मला बदक आवडत नाही असं हसून सांगितलं. हिल्मीला ते ऐकवेना. तिच्या जिवाला बदकाइतकं काहीच प्रिय नव्हतं.

जेवण झाल्यावर हज्जा बदरियाने हात धुतले, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि म्हणाली, "आता दाखवा. तीन आठवड्यांपूर्वी कळल्यापासून सगळ्या धक्क्याला सांगतेय, माझा फोटो शहरात भिंतीवर लागलाय."

तो खरंच लागला होता. बैठकीच्या खोलीत, दीड हात बाय दोन हात, काळ्या चौकटीत. नगराच्या प्रदर्शनात त्याला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं होतं. हज्जा त्याच्यासमोर उभी राहिली. मागे सगळं कुटुंब उभं राहिलं.

"हे माझे हात आहेत," ती शेवटी म्हणाली. "हा अंगठ्यावरचा व्रण गळाचा. पण मी कुठाय?"

"त्याचं असं आहे, हज्जा," हिल्मी म्हणाला, "कलेत कधीकधी हातच सगळं सांगून जातात."

"काय सांगतात?"

"कष्ट."

"कष्ट मला माहीत आहेत, बाळा. मला तोंड बघायचं होतं. ओळखपत्रावर एक फोटो आहे, त्यात मी चोरासारखी दिसते. मी मेल्यावर ही पोरं काय भिंतीवर हात टांगणार?"

ती रागावली नव्हती, हेच वाईट होतं. परत जाऊन धक्क्यावर काय सांगायचं, याचा विचार तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. हिल्मीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं तेव्हा परीक्षकांनी जे जे म्हटलं होतं, त्यातला एकही शब्द त्याला आता सांगण्यासारखा वाटेना. त्याने बायकोकडे पाहिलं. मागायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून त्याने मागितलं नाही. इनायातने खिशातून किल्ली काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"तोंड घे हं," ती म्हणाली. "सगळ्यांचं. नुसते कान नकोत."

मग हिल्मीने जन्मात केलं नव्हतं ते केलं. हज्जाला मधल्या खुर्चीवर बसवलं, मुलगे मागे, सुना बाजूला, पोरं पुढे, अगदी शाळेच्या फोटोसारखं. सगळ्यांनी श्वास रोखून कॅमेऱ्याकडे बघितलं. हज्जाने इनायातलाही ओढून शेजारी बसवलं; घरधनिणीशिवाय फोटो कसला, म्हणाली.

हिल्मीने डोळा लावला. पहिल्यांदा हज्जा दिसली, हनुवटी वर, राणीसारखी. मग शेजारी इनायात दिसली. कपाळाला घाम, ओठांचा रंग स्वयंपाकघरात कधीच पुसला गेलेला, बाहीवर मासळीचा खवला. तिच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. ते कधी आले, त्याला आठवेना. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. आपण हिला किती वर्षं नीट पाहिलंच नाही हे त्याला त्या क्षणी कळलं आणि लाजेने त्याचं बोट हलेना.

"दाबा की, उस्ताद," अतिया दातांतून म्हणाला. "आईला श्वास घ्यायचाय."

पाहुणे उन्हं उतरल्यावर गेले. पुढच्या शुक्रवारी छापलेला फोटो घेऊन यायचं, दोघांनी यायचं, असं हज्जाने तीनदा वदवून घेतलं. दार लागल्यावर इनायातने टेबलावरचं कापड काढून भिजत टाकलं आणि पातेलं बघितलं. बदकाची मान तेवढी उरली होती. ती मधे ठेवून दोघं पाव मोडून खाऊ लागले.

"एक सांगू?" हिल्मी म्हणाला. "मी त्यांना खरं बोलावलं नव्हतं. नाव सुटल्यावर आपलं म्हटलं."

"कळलं मला. दारात तुझं तोंड बघितलं ना."

"मग तरी तू एवढं केलंस? आपला दिवस होता. बदकसुद्धा सोडलंस."

इनायातने मानेचा अर्धा भाग त्याच्याकडे सरकवला. "तुझ्या आईनं मला पसंत करून घरी बोलावलं होतं, असं तू अजून सगळ्यांना सांगतोस ना?"

"मग? तसंच झालं होतं."

"दवाखान्याच्या रांगेत भेटल्या होत्या आपल्या दोघांच्या आया. निघताना तुझी आई म्हणाली, कधीतरी मुलीला घेऊन या, घर तुमचंच आहे. माझ्या आईलाही समजत होतं ते बोलणं कसलं आहे. पण घरात चार मुली होत्या. तिनं मला बहिणीचा निळा झगा घातला आणि त्याच शुक्रवारी घेऊन आली." ती जरा थांबली. "मी तुमच्या कोचावर बसले होते. आत तुझी आई तुझ्या मावशीला विचारत होती, या बायका जाणार कधी. मला सगळं ऐकू येत होतं. जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं होतं."

पंचवीस वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"तेवढ्यात तू बाहेरून आलास. तुला वाटलं आम्ही बोलावलेले पाहुणे. घर उजळलं म्हणालास आणि जेवायला बसवलंस."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "मग कधी गेलात तुम्ही त्या दिवशी?"

"आई संध्याकाळी गेली," इनायात म्हणाली. "मी कुठे गेले अजून?"