थ्रिप आणि मंडळींची खोली

लंडनच्या चीपसाइड रस्त्यावरचे प्रतिष्ठित व्यापारी श्रीयुत ओबडाया थ्रिप यांचा डावा डोळा काचेचा होता. त्यांचा धंदा दुसरा कुठला असता, तर या गोष्टीला काडीचेही महत्त्व नव्हते. पण ते स्टिरिओस्कोप विकत. एकाच देखाव्याचे जरा निरनिराळ्या कोनांतून घेतलेले दोन फोटो एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवायचे आणि पेटीच्या दोन भिंगांतून दोन्ही डोळ्यांनी पाहायचे, की सपाट कागदात खोली दिसते. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात ज्याच्या दिवाणखान्यात ही पेटी नसे, त्याला लोक चहाला बोलावताना दोनदा विचार करत.

खुद्द थ्रिप यांना ती खोली जन्मात दिसली नव्हती. हे बाहेर फुटले असते तर दुकानाला टाळे लागले असते. म्हणून नवा पुठ्ठा आला की ते भिंगांना डोळे लावून म्हणत, "अहाहा! पडतो की काय असं वाटलं!"

एकदा काटकसरीचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी फोटोग्राफर सायलस पेल याला बोलावले.

"पेल, एका देखाव्याचे दोन फोटो कशाला?"

"साहेब, एक डाव्या डोळ्याला, एक उजव्या."

"मला तर दोन्ही सारखेच दिसतात."

"थोडा फरक असतो, साहेब."

"थोडाच ना? मग काढून टाका. एकच फोटो दोनदा चिकटवा."

पेलच्या घरी खाणारी तोंडे पुष्कळ होती. त्याने फरक काढून टाकला.

विक्री तसूभरही घटली नाही. तक्रार घेऊन आल्या त्या फक्त मिसेस हूपर, मुलींची शाळा चालवणाऱ्या.

"अहो थ्रिप, तुमचा हा आल्प्स इस्त्री केल्यासारखा सपाट आहे!"

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले होते. थ्रिप यांचा उजवा डोळा गडबडला, डावा मात्र शांत राहिला.

"बाईसाहेब," ते हळहळत म्हणाले, "हे केव्हापासून होतंय तुम्हाला?"

आजूबाजूच्या सर्वांनी लगबगीने पेट्या डोळ्यांना लावल्या. "अरे बापरे, केवढी दरी!" एक वकील किंचाळले. "धरा मला कुणीतरी!"

लवकरच कंपनीने जनहितार्थ दृष्टितपासणी सुरू केली. खोली दिसल्याचे सांगितले की प्रमाणपत्र मिळे. मिसेस हूपर सोडल्या तर नापास कोणीच झाले नाही. बँका कारकुनांकडून प्रमाणपत्र मागू लागल्या, मग जहाजवाले कप्तानांकडून आणि शेवटी मुलीकडचे जावयाकडून. मिसेस हूपरच्या शाळेतून पालक मुली काढून नेऊ लागले. ज्या बाईला खोलीच दिसत नाही, ती पोरींना काय शिकवणार, असे त्यांचे म्हणणे होते.

राष्ट्राच्या दृष्टीची सेवा केल्याबद्दल थ्रिप यांचा जाहीर सत्कार ठरला. हार घालण्याच्या ऐन वेळी मिसेस हूपर दोन पुठ्ठे घेऊन व्यासपीठावर चढल्या. एक जुना, एक नवा.

"यातल्या एकातच खोली आहे. कुठल्यात, एवढंच सांगा. मी लगेच जाते."

थ्रिप यांनी पेटी डोळ्यांना लावली. त्यांनी दोन्ही पाहिले. दोन्ही सारखेच सपाट. देवाचे नाव घेऊन त्यांनी नव्यावर बोट ठेवले.

"पेल, काय ते सांगा तुम्ही," अध्यक्ष म्हणाले.

पेलने बुटांकडे पाहिले. "साहेबांचं बरोबर आहे."

अध्यक्षांनी औपचारिकता म्हणून जुना पुठ्ठा पेटीत घातला आणि दचकून मागच्या मागे खुर्चीत कोसळले. "डोंगर अंगावर आला! सदोष माल आहे हा! जप्त करा!"

जुना माल जप्त झाला. मग उदार अंतःकरणाने मिसेस हूपरना नव्या पुठ्ठ्यावर फेरतपासणीची संधी देण्यात आली. सभागृहात शाळेतल्या उरल्यासुरल्या मुलींचे आईबाप बसले होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि भिंगांना डोळे लावले.

"दिसली," त्या म्हणाल्या. "पडते की काय असं वाटलं."

तो स्वर थ्रिप यांच्या चांगलाच ओळखीचा होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. तरी त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

वाचकहो, तुम्ही तिथे असतात तर टाळ्या वाजवल्या नसत्या, हे आम्ही जाणतो. त्या रात्री घरोघरी जेवताना प्रत्येक जण हेच सांगत होता, की आपण काही वाजवल्या नाहीत.