हौशा-नवशाची जोडी

बेंदराला गल्लीतले लोक बैलांची शिंगं रंगवायचे, तेव्हा आमचे शेजारी बापू सुभेदार स्की रंगवायचे. स्की म्हणजे बर्फावरून घसरायच्या त्या लांब पट्ट्या. टोकाला गोंडे, कपाळाला हळदकुंकू, पुढ्यात पुरणपोळी. उजवीचं नाव हौशा, डावीचं नवशा. नवशा चार बोटं लांब.

कोल्हापुरात बर्फ मिळतो तो गोळ्याच्या गाडीवर. फौजेतून परतलेल्या बापूंचं त्यावाचून काही अडलं नाही. नव्वदच्या दशकात ते साखर कारखान्यामागच्या उसाच्या भुशाच्या डोंगरावरून घसरायचे. पायाला करकर वाजणारे कोल्हापुरी चपलेचे पट्टे, स्कीच्या तळाला एरंडेल, डोळ्यांवर वेल्डरचा काळा चष्मा.

"सुभेदार, उतरा खाली!" वॉचमन बोंबलायचा.

"उतरालोय की!" वरून उत्तर यायचं.

एकदा ते थेट उसाच्या ट्रॉलीत शिरले. तोंडातली पाचट काढायच्या आधी त्यांनी स्कीच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास गड्यांनो!"

पुढे तालमीत जुन्या खेळाडूंच्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं. चिटणीस मी. मल्लांचे लंगोट इस्त्री करून मांडले, बापूंच्या स्की मात्र शेजारी शेजारी उभ्या केल्या की तिरपागड्या दिसत. मी शाळामास्तर, मला वाकडं बघवत नाही. करवत आणली आणि नवशाची शेपटी कापून जोडी सारखी केली.

बापूंनी पाहिलं. कापलेली शेपटी उचलून हातात घेतली.

"मास्तर, नवशा माझा न्हाय. फौजेतल्या माझ्या जोडीदाराचा, नेसरीच्या दत्तूचा हाय. बर्फात त्येचा पाय गेला आन माझी एक पट्टी मोडली. उरलं त्यात जोडी लावली आमी."

हा दत्तू दर बेंदराला कुबडी टेकत यायचा. त्या वर्षीही आला. नवशावरून फिरणारा त्याचा हात शेपटीशी थांबला.

"माझा पाय कापला तेवढं पुरं न्हवतं व्हय? कुणी केलं ह्ये?"

मी हौशाचे गोंडे सारखे करू लागलो.

"मीच की," बापू म्हणाले. "घसरताना अडत हुती."

दत्तू न जेवता गेला, तो पुन्हा आला नाही. गल्लीत आजही सगळे म्हणतात, बापूंनीच कापली. खोटं आहे. करवत माझी होती.

त्यानंतर दर बेंदराला बापू दोन ताटं वाढून दारात बसत. "यष्टीला उशीर झाला आसंल," म्हणत आणि संध्याकाळी दुसरं ताट गाईला घालत.

अशी कितीतरी वर्षं गेल्यावर एका बेंदराला मी सकाळच्या एसटीनं नेसरी गाठली आणि दत्तूला सगळं सांगितलं.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "बाप्या नवशाला करवत लावंल व्हय? पर खोटं बोलला माझ्याशी! त्ये बी तुमच्यासाठनं! माझ्यापरास तुमी त्येला जवळचं?"

मी त्याची कुबडी उचलून हातात दिली.

दुपारी आम्ही दोघं गल्लीत उतरलो. बापू दारातच होते. त्यांनी दत्तूकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"लई उशीर केलास," ते म्हणाले. "पोळी गार झाली की रं."